खूण आणि खुणेचा अर्थ : निद्राश्वसनरोध व रक्तातील दाहद्योतके

'घोरणे' या शब्दास मराठीत गाढ झोपेची छटा आहे. ठाणे स्थानकाच्या पूर्वेस, कोपरीत राहून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या नोकरदाराचे रात्रीचे घोरणे आणि दिवसाची पेंग ही म्हणूनच श्रमाची फळे ठरतात. हा अर्थ नेहमीच खरा नसतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची केलेली पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत झोपेतील श्वसनविकाराचे प्रमाण १९.५ टक्के आढळले. त्यासोबत दिवसा अनावर झोपही येणारे ७.५ टक्के होते.

झोपेत घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वासमार्ग पुनःपुन्हा मिटतो आणि रक्तातील प्राणवायू उतरतो व चढतो, तो हा निद्राश्वसनरोध होय. या चढउताराने शरीरात दाह चेतवला जातो, असे मानण्यास आधार आहे. त्यावरून पुढचे अनुमान सहज सुचते : मुखवट्यातून दाबाची हवा देणारे सीपॅप यंत्र लावले की दाह शमेल, आणि रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे द्योतक उतरेल. या अनुमानाची परीक्षा आवश्यक आहे.

धुरावरून अग्नीचे अनुमान करताना नैयायिक व्याप्तीचा आग्रह धरतात. शिवाय, धूर अग्नी सांगतो. तो कोणत्या चुलीचा, हे सांगत नाही. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनचे नेमके असेच आहे. १९३० मध्ये टिलेट व फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात आढळले, आणि नावातील 'सी' हा त्या जंतूच्या एका घटकावरून आला. निद्रेशी त्याचे मुळात नाते नाही. मेदातून स्रवणाऱ्या इंटरल्यूकिन-६ मुळेही यकृत ते निर्माण करते. स्थूल रुग्णाच्या ठायी, एकाच छपराखाली, अशा दोन चुली पेटलेल्या असतात.

या दोहोंची फारकत करणारा प्रयोग २०१४ मध्ये चिरिनोस व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. १८१ स्थूल रुग्णांचे तीन गट करून त्यांना २४ आठवडे सीपॅप, वजनघट किंवा दोन्ही उपाय देण्यात आले. वजन घटवणाऱ्या दोन्ही गटांत हे द्योतक उतरले. केवळ सीपॅपच्या गटात लक्षणीय घट झाली नाही. तुलनागट नसलेल्या अनेक निरीक्षणांत दिसलेली घट म्हणूनच जपून वाचली पाहिजे. यंत्र रात्रभर लावले जात नाही, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्याने निष्कर्षाला मर्यादा पडते, उलट निष्कर्ष सिद्ध होत नाही.

तथापि, द्योतक उतरले नाही म्हणजे यंत्र निरुपयोगी, हे अनुमानही तितकेच सदोष होय. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या चाचणीत हृद्रोग वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेले २,७१७ रुग्ण होते. सरासरी ३.३ तास यंत्र लावून हृदयविकाराचे झटके व पक्षाघात टळले नाहीत. दिवसाची पेंग मात्र कमी झाली आणि मनःस्थिती सुधारली.

येथे प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही. 'दाह' म्हटले की सामान्य वाचकास आग होणे आठवते, 'सूज' म्हटले की फुगलेला अवयव. अहवालातील आकड्यात दोहोंपैकी काहीच दिसत नाही. तो आकडा न हललेला पाहून कोपरीतील रुग्णाने यंत्र कपाटात ठेवले, तर त्याचा श्वास पूर्ववत कोंडू लागेल. आकडा वजनाविषयी बोलत असेल, तर त्याचे उत्तर वजन घटवण्यात शोधावे. श्वासाची साक्ष झोपेच्या तपासणीत आणि दिवसाच्या जागेपणात घ्यावी.