‘सगळं’ म्हणजे सगळं नव्हे : टिडलीविकीतल्या लपलेल्या नोंदी

संशोधनाच्या नोंदी कशात ठेवायच्या, हा प्रश्न पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला पडतो. जेरेमी रस्टन यांनी 2004 मध्ये आणलेली टिडलीविकी त्यासाठी चांगली आहे. फुकट आहे, नेट नसलं तरी चालते आणि अख्खी विकी एकाच एचटीएमएल फाइलमध्ये मावते. आपल्या अंबाजोगाईत दासोपंतांनी अख्खं ‘पंचीकरण’ एका लांबलचक पासोडीवर लिहिलं, तसंच काहीसं. फरक एवढाच, की पासोडी उलगडली की सगळं दिसतं. टिडलीविकी उघडली की सगळं दिसत नाही. माझा आक्षेप तिथेच आहे.

टिडलीविकीत प्रत्येक नोंदीला ‘टिडलर’ म्हणतात. ज्या टिडलरचं नाव डॉलर, कोलन, स्लॅश या खुणांनी सुरू होतं, तो सिस्टिम टिडलर. तो नेहमीच्या याद्यांत आणि बाजूच्या शोधात येत नाही. हे बरंच आहे. बटणं, रंगसंगती, सध्या कोणत्या नोंदी उघड्या आहेत, हे सगळं टिपणांत मिसळलं तर आपलं टिपण सापडायचंच नाही.

पण लपवायचा निकष फक्त नावाचा आहे. समजा, तुम्ही बालाघाटच्या डोंगरातल्या वनस्पतींच्या नोंदी ठेवताय. प्रत्येक नमुन्यासाठी तुम्ही एक साचा बनवला आणि चालीप्रमाणे त्याला सिस्टिमचं नाव दिलं. हा साचा म्हणजे तुमच्या संशोधनपद्धतीचा भाग. तरी तो बटणांच्या आणि रंगांच्या रांगेत जाऊन बसतो. पुढचं बघा : ‘एक्स्पोर्ट ऑल’ हे बटण सिस्टिम टिडलर वगळूनच निर्यात करतं. नाव ‘ऑल’, पण साचा मागेच राहतो. नव्या फाइलमध्ये नोंदी येतात, त्यांची मांडणी येत नाही.

दुसरा धोका याच्या उलट आहे. लपलेलं म्हणजे कुलूपबंद नव्हे. गाइडला पूर्ण फाइल पाठवली, की सिस्टिम टिडलरही सोबत जातात. समोरच्याने ‘अॅडव्हान्स्ड सर्च’मधल्या ‘सिस्टिम’ टॅबमध्ये शोध घेतला, की ते सापडतात. खाजगी टिपणं अशा नावाखाली ठेवू नका.

मग उपाय काय? यादीवर एक टॉगल लावा. एक चेकबॉक्स ठेवायचा, त्याची हो-नाही ही किंमत एका टिडलरमध्ये साठवायची आणि ती किंमत बघून यादीच्या फिल्टरमध्ये ‘सिस्टिम वगळा’ ही अट लावायची किंवा काढायची. गंमत म्हणजे ती किंमत साठवणारा टिडलरही बहुतेक वेळा सिस्टिमचाच असतो. टॉगल चालू केलं की तोही यादीत दिसतो.

हे टॉगल मुळातच शोधपट्टीशेजारी असायला हवं होतं. आज त्यासाठी वेगळ्या टॅबमध्ये जावं लागतं आणि तो टॅब आहे हेच नवख्याला माहीत नसतं.

टॉगल कायम चालू ठेवू नका, वैताग येईल. निर्यात करण्याआधी, नवी आवृत्ती घेण्याआधी आणि फाइल कुणाला देण्याआधी मात्र नक्की चालू करून यादी वाचा. आपण स्वतः बनवलेले सिस्टिम टिडलर कोणते, याची एक साधी, न लपणारी नोंद आजच करून ठेवा. प्रबंधात ‘पद्धती’ प्रकरण लिहिताना तीच कामाला येईल.