पडद्यावरचा विटाळ

'बिग बॉस'च्या घरात कोण कोणाला काय बोलले, यावरून आपल्याकडे दरवर्षी वादळ उठते. वर्गातली मुले माझे मत विचारतात. 'मॅडम, तुम्हाला चीड येत नाही का?' येते. परंतु अशा वेळी मला २००७ चा जानेवारी आठवतो आणि माझी जीभ अडखळते.

तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वसतिगृहाच्या मेसमध्ये एक टीव्ही होता आणि त्यावर आठवडाभर एकच बातमी चालू होती. ब्रिटनच्या चॅनल ४ वरील 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये शिल्पा शेट्टीचा छळ होत होता. जेड गुडी ही त्यातली प्रमुख आरोपी. रश्शात घालायच्या तयार वड्यांवरून भांडण पेटले. जेडने तिचे आडनाव 'पापडम' करून टाकले. दुसरी एकजण म्हणाली, ही बाई अन्नाला हात लावते, ते हात कुठे कुठे लागले असतील कोणास ठाऊक.

या वाक्याने देश पेटला. पाटण्यात निर्मात्यांचे पुतळे जाळले गेले. केंद्रातले मंत्री बोलले. ब्रिटनचे तत्कालीन अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन नेमके भारताच्या दौऱ्यावर होते, त्यांना खुलासे करावे लागले. ब्रिटनमधल्या 'ऑफकॉम' या नियामक संस्थेकडे ४४ हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. आमच्या मेसमध्ये मुली जेडला शिव्या देत होत्या. त्यात मीही होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

हाताचा विटाळ काय असतो, हे मला कोणी लंडनहून सांगायला नको होते. माझी आई ज्यांच्या शेतात निंदणी करी, तेथे तिला ओंजळीत वरून पाणी ओतले जाई. तिच्या हातांनी काढलेला भुईमूग मात्र घरात जाई. त्यावर कधी बातमी झाली नाही. आणि मी, तिची मुलगी, परक्या देशातल्या पडद्यावरचा विटाळ पाहून रडले.

त्याआधी चारच महिने, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, तिची मुलगी प्रियंका, मुलगे सुधीर आणि रोशन यांची गावाने हत्या केली. सुमारे महिनाभर प्रस्थापित वृत्तपत्रसृष्टी जवळजवळ गप्प होती. ज्यांनी लिहिले, त्यांतल्या काहींना मृत स्त्रीचे चारित्र्य अधिक महत्त्वाचे वाटले. नोव्हेंबरात विदर्भात मोर्चे निघाले तेव्हा त्यांत नक्षलवाद्यांचा हात शोधला गेला. ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळले, आणि मग पांढरपेशा महाराष्ट्र खडबडून जागा झाला. डब्यांसाठी. आमच्या वसतिगृहात मोर्चाला जाणाऱ्या मुलींचे नाव कमी केले जाईल, असे बजावण्यात आले होते. जानेवारीत जेडचा निषेध करायला मात्र कोणाची परवानगी लागली नाही.

शिल्पाचा अपमान खोटा होता असे मला म्हणायचे नाही. वंशद्वेष तो वंशद्वेषच. प्रश्न असा आहे की, ज्या समाजाला हा विटाळ सात हजार किलोमीटरवरून दिसला, त्याला गावातला का दिसू नये? कारण तिथे आरोपी गोरी होती आणि संताप करणाऱ्याला स्वतःचे काही सोडावे लागत नव्हते.

आणि आरोपी तरी कोण होती? जेड गुडी ही लंडनच्या बर्मंडसी भागातल्या गरिबीत वाढलेली, दाताच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम केलेली मुलगी. बाप व्यसनात गेलेला, आईचा एक हात अपघातात निकामी झालेला. लहानपणापासून घर तिने सांभाळले. बापाकडून तिच्यात काळ्या वंशाचेही रक्त होते. २००२ साली ती पहिल्यांदा 'बिग ब्रदर'मध्ये आली तेव्हा तिच्या भूगोलाच्या अज्ञानावर तिथली वृत्तपत्रे पोट धरून हसली. ज्यांना पुस्तके मिळाली नाहीत त्यांच्या अज्ञानावर हसण्याची ही रीत माझ्या ओळखीची आहे. कॉलेजात माझ्या उच्चारांवर हेच हसू मी ऐकलेले आहे. जेडने जे केले त्याला यामुळे माफी मिळत नाही. पण ८२ टक्के मते देऊन तिला घराबाहेर काढताना तिच्या वर्गाचाही हिशेब चुकता केला जात होता, हे मला फार उशिरा कळले.

मे महिन्यात ऑफकॉमने निर्णय दिला. दोष चॅनलच्या संपादकीय निर्णयांवर ठेवला. भांडण घडू देणारे, त्यातले निवडून दाखवणारे आणि विकणारे तेच होते. पण पुतळा जाळायला चेहरा लागतो, आणि लोकांच्या मनात तो जेडचाच राहिला. पुढे २००८ मध्ये भारतातल्या 'बिग बॉस'ने तिला बोलावले. सूत्रसंचालक शिल्पा शेट्टीच! याला समेट म्हणावे की धंदा? त्याच घरात तिला कर्करोगाची बातमी मिळाली, आणि २२ मार्च २००९ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी ती गेली. तिच्यावर थुंकलेल्या वृत्तपत्रांनी मग पानेच्या पाने अश्रू ढाळले.

या कथेचा एक उत्तरभाग आहे, तो कोणी सांगत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये एका जुन्या दूरचित्रवाणी मुलाखतीवरून वाल्मीकी समाज रस्त्यावर आला. शिल्पाने त्यांच्या जातीचे नाव हिणकस अर्थाने वापरले, अशी तक्रार होती. तिने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने तिच्यावरील गुन्हा रद्द केला. कायद्याचे व्हायचे ते झाले. मला शब्दांचे नवल वाटते. २००७ मध्ये तो राष्ट्राचा अपमान होता, २०१७ मध्ये 'भावना दुखावल्या'.

मुलांनी पुन्हा मत विचारले की मी त्यांना ग्रंथालयात पाठवते; २००६ च्या वृत्तपत्रांच्या फाइली तेथे आहेत. परवा एक मुलगी दोन तास बसून आली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिला चार ओळी सापडल्या होत्या. म्हणाली, 'मॅडम, पुढची पाने गहाळ आहेत का?'

पाने सगळी आहेत, मी पाहिलेली आहेत.