एका आयरिश भिक्खूचा शोध आणि आमचे अलिखित दप्तर

परदेशातील एखाद्या व्यक्तीने बुद्धधम्म स्वीकारल्याची वार्ता आली की आमच्या नियतकालिकांतून तिचे मोठ्या हर्षाने स्वागत होते. स्वागत करण्यात गैर काही नाही. परंतु त्या हर्षाच्या भरात परीक्षणबुद्धी बाजूला पडते, असा आमचा अनुभव आहे. लॉरेन्स कॉक्स, ब्रायन बॉकिंग आणि अलिशिया टर्नर या तीन अभ्यासकांचा 'द आयरिश बुद्धिस्ट' हा ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०२० साली प्रसिद्ध केला. ऊ धम्मलोक या आयरिश भिक्खूचे हे चरित्र आहे. एका गोऱ्या माणसाने चीवर पांघरले, एवढाच बोध घेऊन ते मिटले जाण्याचा संभव असल्यामुळे आम्ही त्याची थोडी तपशिलाने चर्चा करीत आहोत.

ग्रंथकर्त्यांपैकी कॉक्स हे आयर्लंडमधील मेनूथ विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक, तर बॉकिंग हे युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्क येथे धर्म-अध्ययनाचे प्राध्यापक होते. टर्नरबाई कॅनडातील यॉर्क विद्यापीठाच्या. आयर्लंडच्या उच्च शिक्षणाचा आणि भारताचा संबंध जुना आहे. मात्र तो पूर्वी निराळ्या जातीचा होता. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून शिकून कित्येक तरुण हिंदुस्थानच्या मुलकी नोकरीत दाखल होत. सम्राट अशोकावर १९०१ साली ग्रंथ लिहिणारे व्हिन्सेंट स्मिथ हे त्यांतलेच. ज्यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ साली निघाला, ते जॉर्ज ग्रियर्सनही त्यांतलेच. त्यांच्या विद्वत्तेचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. तथापि राज्यकर्त्याच्या खुर्चीत बसून केलेले ते संशोधन होते. स्मिथांचा अशोक प्रसिद्ध झाला त्याच १९०१ साली, २ मार्च रोजी, रंगून येथील श्वेडगोन पॅगोड्यात दुसरा एक आयरिश मनुष्य एका पोलीस अधिकाऱ्याला पायांतील जोडे काढण्यास सांगत होता. स्मिथांचे नाव ग्रंथालयांतून राहिले आणि धम्मलोकाचे नाव शंभर वर्षे कोणास ठाऊक नव्हते. आयर्लंडमधील आजच्या संशोधकांनी पहिल्याला सोडून दुसऱ्याचा माग काढावा, ही गोष्टच मुळात लक्षणीय आहे.

धम्मलोक हा पंडित नव्हता. १८५० च्या दशकात, बहुधा डब्लिन येथे, जन्मलेला हा मनुष्य अमेरिकेत मजुरी करीत भटकला, जहाजांवर राबला आणि ब्रह्मदेशात येऊन १९०० साली रंगूनमध्ये भिक्खू झाला. पाश्चात्त्यांतील आद्य भिक्खूंची यादी सांगताना ॲलन बेनेट ऊर्फ आनंद मेत्तेय्य यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांची उपसंपदा १९०२ ची. त्यांच्याआधीचा धम्मलोक विस्मृतीत गेला, याचे कारण ग्रंथकर्ते त्याच्या वर्गात शोधतात. तो कामकरी होता, निरीश्वरवादी होता आणि सरकारला नकोसा होता. त्याने सिंगापूर व सयाम येथे शाळा काढल्या, जपान व सिंहलद्वीप येथे व्याख्याने दिली, दारूविरुद्ध प्रचार केला आणि रंगूनमध्ये 'बुद्धिस्ट ट्रॅक्ट सोसायटी' स्थापून स्वस्त पुस्तिका छापल्या. त्या पुस्तिकांत थॉमस पेनचे लेखन होते. हा तपशील आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावा. ज्या पेनच्या मानवी हक्कांवरील ग्रंथाने तरुण जोतीराव फुल्यांच्या विचारास धार आली, तोच पेन रंगूनमधील एका भिक्खूच्या छापखान्यातून बाहेर पडत होता. बुद्ध आणि फुले हे दोन्ही बाबासाहेबांचे गुरू. त्या दोन वाटा अन्यत्रही एकमेकींना मिळत होत्या, याचा हा पुरावा आहे.

मिशनऱ्यांच्या पाठोपाठ दारूची बाटली आणि बंदूक येते, अशा आशयाच्या भाषणांवरून १९१० साली मोलमेन येथे त्याच्यावर राजद्रोही वक्तव्याचा खटला झाला आणि त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्यात आला. त्याचे अपील ज्यांनी फेटाळले ते न्यायमूर्ती ट्वोमी हेही आयरिशच. १९१२ साली तो ऑस्ट्रेलियात वारल्याची खोटी बातमी पसरली. त्यानंतर थोड्याच काळात त्याचा माग कायमचा हरवतो.

या ग्रंथाचे खरे मोल त्याच्या संशोधनपद्धतीत आहे. धम्मलोकाने दप्तर ठेवले नाही. त्याला अनुयायांचा मठ नव्हता, की चरित्र लिहिणारा शिष्य नव्हता. ग्रंथकर्त्यांनी वेगवेगळ्या देशांतील जुनी वृत्तपत्रे, मिशनऱ्यांची मासिके आणि सरकारी कागद धुंडाळले. म्हणजे बहुतांशी त्याच्या विरोधकांनी लिहून ठेवलेल्या मजकुरातून त्याला बाहेर काढले. त्याची नावेही एक नव्हेत. लॉरेन्स कॅरोल, ओ'रूर्क, कॉल्व्हिन अशी अनेक नावे कागदांत येतात. त्याच्या आयुष्यातील सुमारे पंचवीस वर्षांचा हिशेब लागत नाही. ही पोकळी कल्पनेने भरून काढण्याचा मोह ग्रंथकर्त्यांनी टाळला आहे. कोणते विधान पुराव्याचे, कोणते संभाव्य आणि कोणते धम्मलोकाने स्वतःविषयी पसरविलेले, हे ते वेगळे करून सांगतात. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरूने सांगितले आहे म्हणून स्वीकारू नका, हा कालामांना केलेला उपदेश आम्ही व्याख्यानांतून सांगतो. इतिहासलेखनात तो कसा पाळावा, याचे उदाहरण येथे पाहावयास मिळते.

एवढे मान्य करून आम्हांस तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट जोड्यांच्या प्रसंगाविषयी. ग्रंथकर्ते या प्रसंगाला साम्राज्यविरोधाचा प्रारंभ मानतात आणि ब्रह्मदेशापुरते ते योग्यच आहे. परंतु महाडच्या चवदार तळ्यावरून पाहणाऱ्यास त्याचा अर्थ अपुरा वाटतो. श्वेडगोनचा प्रश्न असा होता की, आत आलेल्या बलवानाने जोडे काढावेत की नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला विचारलेला प्रश्न असा होता की, ज्याला काठावरही उभे राहू दिले जात नाही त्याने ओंजळभर पाणी घ्यावे की नाही. पहिल्या प्रश्नात पवित्र स्थळाची प्रतिष्ठा आहे, दुसऱ्यात माणसाची. दोन्ही प्रश्न एकाच तराजूत घालता येत नाहीत.

दुसरी गोष्ट यातूनच निघते. ब्रह्मदेशात पॅगोड्यांच्या सेवेस वंशपरंपरेने बांधलेले लोक होते आणि बौद्ध समाजच त्यांना हीन लेखीत असे. साम्राज्याशी झुंजणाऱ्या भिक्खूची या लोकांविषयी काय भूमिका होती, हा प्रश्न या चरित्राच्या केंद्रस्थानी यावयास हवा होता. तो येत नाही. परक्यांच्या सत्तेचा विरोध आणि स्वकीयांमधील विषमतेचा विरोध ही एकच गोष्ट नव्हे, हे बाबासाहेबांनी आयुष्यभर सांगितले. डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी ते रंगूनला गेले, तेव्हा ब्रह्मदेश स्वतंत्र होऊन सहा वर्षे लोटली होती. त्यांची दृष्टी मात्र स्वातंत्र्यापाशी न थांबता समतेकडे लागलेली होती.

तिसरी गोष्ट भिक्खूच्या स्वरूपाविषयी. 'महाबोधी' मासिकातील १९५० सालच्या लेखात बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या तत्कालीन स्थितीवर कठोर टीका केली. भिक्खू हा स्वतःपुरता पूर्ण मानव व्हावा की समाजाचा सेवक, हा प्रश्न त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातही उपस्थित केला. शाळा काढणारा, पुस्तिका छापणारा, मजुरांत वावरणारा धम्मलोक हा या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. अर्धे अशासाठी की, तो दिसेनासा झाल्यावर त्याच्या कार्याचा वारसा चालविणारी संस्था उरली नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली, ती हेच ओळखून. एकट्या माणसाच्या धैर्याचे मोल ग्रंथकर्त्यांनी उत्तम जोखले आहे. संघटनेच्या अभावाचे मोल मात्र त्यांनी पुरेसे जोखलेले नाही.

परंतु दुसऱ्याच्या ग्रंथातील उणिवा दाखवून आमची सुटका होत नाही. ज्याने स्वतःचे दप्तर ठेवले नाही, अशा एका माणसासाठी आयर्लंडच्या विद्यापीठांतील अभ्यासकांनी अनेक वर्षे खर्च केली. आमच्या ज्या हजारो माणसांनी काहीही लिहून ठेवले नाही, त्यांच्यासाठी आम्ही काय केले? आम्ही हा प्रश्न आमच्याच जिल्ह्याला, म्हणजे १९८१ पर्यंत कुलाबा म्हणविल्या जाणाऱ्या रायगडला, लावून पाहतो. महाडच्या संग्रामावर आनंद तेलतुंबडे यांचा विस्तृत ग्रंथ २०१६ साली आला. त्या परिषदेच्या संयोजकांपैकी कॉम्रेड रा. बा. मोरे यांच्या आठवणीही उपलब्ध आहेत. पण महाडहून परतलेले लोक ज्या गावांत परतले, त्या गावांचे काय?

पनवेल–रोहा लोहमार्गावर पेणच्या अलीकडे हमरापूर हे स्थानक लागते. गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी हे गाव आणि शेजारचे जोहे ही गावे महाराष्ट्रभर माहीत आहेत. भाद्रपद जवळ आला की वृत्तपत्रे हमरापूरविषयी लिहितात. मूर्तींची उंची, रंग, परदेशी होणारी रवानगी यांचे वर्णन करतात. याच परिसरातील बौद्धांच्या दृष्टीने मात्र एक मूलगामी प्रश्न कोणी विचारलेला आमच्या वाचनात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीस देव न मानण्याची व त्यांची उपासना न करण्याची आहे. ज्या पंचक्रोशीत मजुरीचे मोठे साधनच गणपतीची मूर्ती, तेथे प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने रोजगाराचा प्रश्न कसा सोडवावा? तथागतांनी उपासकास वर्ज्य सांगितलेले व्यापार पाच : शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. त्यांत मूर्तिकाम नाही. उपासना न करणे आणि मजुरीसाठी माती मळणे यांतील सीमारेषा कोठे आखावी, याचे तयार उत्तर सुत्तांत मिळत नाही. ते माणसांना भेटून, त्यांचे ऐकूनच शोधावे लागेल. धम्म जगताना माणसाला काय सोसावे लागते, हे कळण्याची ती जागा आहे आणि तिला संशोधनाचे मोल आहे.

दुसरा प्रश्न नावांचा. धम्मलोकाची चार नावे कागदांत सापडतात म्हणून आम्हांस नवल वाटते. पण आमच्या घराघरांत हेच घडले आहे. महाराष्ट्र राज्याने १९६० साली नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश होण्यास मात्र १९९० साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत घरात बुद्धवंदना आणि दाखल्यावर 'हिंदू महार' अशी दुहेरी ओळख कित्येकांना वागवावी लागली. त्यामुळे शाळेची पटनोंदवही किंवा जनगणनेचा आकडा जसाच्या तसा घेणारा अभ्यासक फसणार. कागद कोणी, केव्हा आणि कशासाठी केला, हे आधी पाहावे लागेल. आयरिश ग्रंथकर्त्यांची पद्धत आम्हांस येथेच उपयोगी पडते.

साधने नाहीत, ही सबब खरी नाही. रोह्याच्या दक्षिणेस, तळा तालुक्यातील कुडे लेण्यांत सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. त्यांत एक माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे, प्रव्रजित स्त्री आहे. भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनी १८८१ साली ते प्रसिद्ध केले म्हणून ती माणसे आम्हांस ठाऊक आहेत. गावोगावच्या विहारांच्या भिंतींवर वर्गणीदारांच्या नावांचे जे फलक असतात, ते याच दानलेखांचे वंशज होत. एकावन्न रुपये देणाऱ्याचे नाव त्यावर असते. विहाराचा जीर्णोद्धार होतो, नवी फरशी बसते आणि जुना फलक ढिगाऱ्यात जातो. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखांची आणि मुंबईतील ग्रामस्थ मंडळांची इतिवृत्ते, पत्र्याच्या पेटीतील 'जनता' व 'प्रबुद्ध भारत' यांचे अंक यांचीही गत याहून निराळी नाही.

येथे आमच्या एका दोषाचाही उच्चार केला पाहिजे. आमचे आजोबा बाबासाहेबांबरोबर महाडला होते, असे अनेक घरांतून सांगितले जाते. त्यांपैकी पुष्कळ कथने खरी असतील. परंतु तपासल्याशिवाय लिहिलेली खरी आठवणही उद्या खोट्या आठवणीबरोबर नाकारली जाईल. ज्यांना आमचा इतिहास नको आहे, त्यांच्या हाती हे शस्त्र आपण होऊन का द्यावे?

१९५६ साली जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. वर्षावासात आमच्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. पेण, रोहा आणि महाड परिसरातील विहारांनी येत्या वर्षावासापासून आठवड्यातील एक संध्याकाळ वाचनानंतर वृद्धांच्या कथनासाठी राखावी. सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव, सांगितल्याची तारीख, आणि स्वतः पाहिलेले कोणते व ऐकलेले कोणते, एवढे तरी वहीत लिहावे. जुन्या फलकांची अक्षरशः नक्कल करावी. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींकडे हे काम सोपवावे. अशा वह्या साठल्या, तर आमच्यावर संशोधन करण्यासाठी येणाऱ्यास, मग तो कॉर्कचा असो की मुंबईचा, आमच्या विरोधकांच्या कागदांतून आम्हांस शोधण्याची पाळी येणार नाही.