मोळी आणि आंघोळ

‘श्यामची आई’ हे पुस्तक डोळे पुसत वाचण्याची आपल्याकडे रीत आहे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्याला हळवे म्हणणाऱ्या टीकाकारांनी मोळीचा प्रसंग पुन्हा एकदा वाचावा.

अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडते. तिला हात कोण लावणार? आई श्यामला सांगते, मोळी तिच्या डोक्यावर चढवून दे आणि घरी येऊन आंघोळ कर.

ही आंघोळ आज आपल्याला खुपते, आणि ती खुपलीच पाहिजे. शिवल्याने विटाळ होतो, हे आईने मान्यच केले, असा तिचा अर्थ होतो. तत्त्व पाळले, पण रूढीची पट्टी भरून! परंतु ही आंघोळ गाळणे लेखकाला काय अवघड होते? त्यांनी ती ठेवली. आईला देव्हाऱ्यात न बसवता तिच्या काळात उभी केली. विचार पुरता सुटला नव्हता, तरी तिचा मुलगा मोळीखाली गेला, हे त्या प्रसंगाचे मोल.

पुढे १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले. आईने जेथे पाऊल थांबवले, तेथून मुलगा पुढे गेला.

वाचकहो, मुलांना हा प्रसंग वाचून दाखवताना आंघोळ वगळू नका. ‘मग आंघोळ कशाला?’ असे एखादे पोर विचारील. तेव्हा रागावू नका. पुस्तक त्याला कळले आहे.