काय वगळायचे, याचे गणित

इंद्रधनुष्याच्या मुख्य कमानीच्या आतल्या कडेला कधी कधी आणखी काही फिकट पट्टे दिसतात. थेंबात शिरून वळणाऱ्या किरणांच्या भूमितीने त्यांचा उलगडा होत नाही. त्यासाठी प्रकाश तरंग आहे असे धरावे लागते. जॉर्ज एअरी यांनी १८३८ मध्ये तसे धरून प्रकाशाची तीव्रता सांगणारा एक समाकल मांडला. मांडणी बरोबर होती, पण त्यातून आकडे काढणे फार कष्टाचे होते. एअरींना पहिल्या दोनच काळ्या पट्ट्यांच्या जागा काढता आल्या. विल्यम मिलर यांनी तर प्रयोगात तीस पट्टे मोजून ठेवले होते. मग १८५० मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी वेगळी वाट धरली. समाकलाऐवजी त्यांनी वापरलेली श्रेढी अपसारी होती, म्हणजे पदे वाढवत नेली की बेरीज खऱ्या उत्तरापासून भरकटत जाते. तरीही तिची सुरुवातीची मोजकी पदे विलक्षण अचूक निघतात. नुसते पहिले पद घेतले तरी पहिला पट्टा २.३३८ ऐवजी २.३२० या जागी येतो. ही चूक एक टक्क्याहूनही कमी आहे आणि पुढच्या पट्ट्यांसाठी ती आणखी घटत जाते. स्टोक्स यांनी पन्नास पट्ट्यांच्या जागा काढून दाखवल्या.

यामिकी आणि भौतिकीतल्या प्रगत गणिती पद्धतींचा आढावा घ्यायचा तर मी याच घटनेपासून सुरुवात करीन. समीकरण पूर्ण सोडवणे हे या क्षेत्रातले मुख्य कौशल्य नाही, ते क्वचितच साधते. समीकरणातले काय वगळता येते, कुठे वगळता येते आणि वगळल्याची किंमत कुठे मोजावी लागते, हे ओळखणे ही खरी विद्या. तिला क्षोभ पद्धती म्हणा किंवा अनंतस्पर्शी विश्लेषण म्हणा. माझ्या मते आज ही विद्या स्वतः उत्तम स्थितीत आहे, पण ती येणारी माणसे तयार करण्याची आपली व्यवस्था मात्र कमकुवत झाली आहे.

वगळण्याची किंमत म्हणजे काय, हे द्रायुयामिकीइतके स्वच्छ दुसरीकडे कुठेच दिसत नाही. हवेची श्यानता फार कमी असते, म्हणून ती शून्य धरावी असे कुणालाही वाटेल. तशी ती धरली तर द'अलाँबेर यांनी १७५२ मध्ये काढलेला निष्कर्ष हाती येतो: एकसारख्या वाऱ्यात ठेवलेल्या वस्तूवर काहीच रोध येत नाही. अनुभव याच्या नेमका उलट आहे. श्यानतेचे पद समीकरणातल्या सर्वांत वरच्या अवकलजाला चिकटलेले असते, ही यातली मेख. ते पद काढले की समीकरणाचा दर्जाच खाली येतो, आणि पृष्ठभागाला टेकलेली हवा स्थिर असली पाहिजे ही अट पाळायला त्यात जागा उरत नाही.

लुडविग प्रांटल यांनी ऑगस्ट १९०४ मध्ये हायडेलबर्ग इथल्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत छोट्याशा व्याख्यानात तोडगा मांडला. श्यानता सगळीकडे वगळा, पण पृष्ठभागालगतच्या पातळ सीमास्तरात वगळू नका. त्या स्तरात अंतर ताणून मोजा, तिथले समीकरण वेगळे लिहा आणि दोन्ही उत्तरे मधल्या पट्ट्यात जुळवा. अर्ध्या मीटर लांबीच्या सपाट पाट्यावरून सेकंदाला पंधरा मीटर वेगाने हवेचा शांत प्रवाह वाहत असेल, तर शेवटच्या टोकाला हा स्तर सुमारे साडेतीन मिलिमीटर जाडीचा भरतो. सारे घर्षण एवढ्याशा जाडीतून येते. प्रांटल यांचे विद्यार्थी ब्लासियस यांनी १९०८ मध्ये त्याचा आकडा काढला. आपल्याकडच्या वाचकांना सतीश धवन अवकाश कार्यक्रमामुळे माहीत आहेत. पण त्याआधी कॅल्टेकमध्ये त्यांनी पृष्ठभागावरचे घर्षण थेट मोजणारे उपकरण बनवले होते. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात शांत प्रवाहाची मोजमापे ब्लासियस यांच्या गणिताशी जुळलेली दिसतात.

पाठ्यपुस्तके बहुधा इथे थांबतात. खरी गंमत पुढे आहे. प्रवाह पृष्ठभाग सोडून सुटतो त्या ठिकाणी प्रांटल यांचे समीकरण कोलमडते. बाहेरचा दाब आधीच ठरलेला आहे असे धरले की सुटण्याच्या बिंदूपाशी उत्तर बेलगाम होते, हे गोल्डस्टाइन यांनी १९४८ मध्ये दाखवले. ही अडचण वीस वर्षे मानगुटीवर बसली होती. १९६९-७० मध्ये स्टुअर्टसन, नेइलँड आणि मेसिटर यांच्या कामांतून मार्ग निघाला. सीमास्तर बाहेरच्या प्रवाहाचा आज्ञाधारक चाकर नसतो, तोही उलट बाहेरच्या दाबावर परिणाम करतो. ही देवाणघेवाण रेनॉल्ड्स अंकाच्या, म्हणजे जडत्व आणि श्यानता यांच्या गुणोत्तराच्या, उणे तीन-अष्टमांश घाताइतक्या लांबीत घडते आणि तिथे तीन थर एकावर एक मांडावे लागतात. असा घात कुणाला सहज सुचण्यातला नाही. समीकरणातली पदे एकमेकांना कशी तोलतात हे पाहत गेले, की तो निघतो. ज्याने तो एकदा स्वतःच्या हाताने काढला, त्याला प्रवाह सुटतो म्हणजे काय होते ते कळले असे मी म्हणेन.

याहून खोल धडा सॅफमन आणि टेलर यांच्या १९५८ च्या प्रयोगात आहे. दोन काचांच्या फटीत दाट द्रव भरून त्यात पातळ द्रव ढकलला की त्याची बोटासारखी जीभ पुढे सरकते. वेग वाढवत नेला की तिची रुंदी वाहिनीच्या रुंदीच्या जवळपास निम्मी होऊन ठरते. पृष्ठताण वगळून केलेले गणित मात्र कोणतीही रुंदी चालेल असे सांगते. मग पृष्ठताण लहान धरून दुरुस्त्या काढाव्यात, तर एकेक पद वाढवत कितीही पुढे गेले तरी सगळ्या रुंद्या चालतातच. निवड करणारे पद इतके लहान असते की पृष्ठताणाच्या कोणत्याही घाताच्या हिशेबात ते येत नाही. ते घातांकी लहान असते. १९८६ मध्ये तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी हे उलगडले. ज्याची कोणत्याही पायरीवर दखल घेता येत नाही, तेच पद उत्तर ठरवते. अशा पदांचा माग काढण्याची साधने, म्हणजे अशी पदे एकाएकी उगवण्याच्या, स्टोक्स यांनीच पाहिलेल्या बदलांचे मायकेल बेरी यांनी १९८९ मध्ये केलेले विश्लेषण आणि जाँ एकाल यांची पुनरुत्थानाची उपपत्ती, ही या शाखेची अलीकडची सर्वांत मोलाची कमाई आहे. पुंज क्षेत्रसिद्धांतात तर त्यांची गरज पदोपदी लागते, कारण तिथल्या श्रेढी अपसारी असाव्यात हे फ्रीमन डायसन यांनी १९५२ मध्येच सुचवले होते.

संगणकाने हे सगळे कालबाह्य केले का? वस्तूचे लहान तुकडे पाडून आकडेमोड करणाऱ्या सांत घटक पद्धतीवर आज पूल, इंजिने आणि इमारती उभ्या आहेत. तिची थोरवी नाकारण्यात अर्थ नाही. पण संगणकाला जाळी कुठे बारीक करायची ते सांगावे लागते, आणि ते ठरवायला सीमास्तराची जाडी आधी ठाऊक असावी लागते.

न्यूरल नेटवर्कच्या लाटेबद्दल मला अधिक स्पष्ट बोलायचे आहे. २०१९ मध्ये रायसी, पर्डिकारिस आणि कार्नियाडाकिस यांनी समीकरणच नेटवर्कच्या शिकवणीत घालण्याची पद्धत मांडली. कल्पना सुंदर आहे, आणि मोजमापांवरून अज्ञात गुणांक शोधण्यासाठी ती उपयोगी पडते. पण नेहमीच्या समीकरणांसाठी यंत्र-शिक्षण जुन्या पद्धतींहून सरस असल्याचे दावे तपासून घ्यायला हवेत. मॅकग्रीव्ही आणि हकीम यांनी २०२४ मध्ये द्रायूंच्या समीकरणांवरचे असे ७६ लेख तपासले. त्यांपैकी ६० लेखांत तुलनेसाठी कमकुवत जुनी पद्धत घेतलेली होती. हा आकडा या क्षेत्राच्या सचोटीवरचा गंभीर आक्षेप आहे, आणि नियतकालिकांच्या परीक्षकांनी तो मनावर घेतला पाहिजे.

याच्या उलट, यंत्र आणि विश्लेषण एकत्र आल्यावर काय होते ते पाहा. श्यानता नसलेल्या प्रवाहाच्या ऑयलर समीकरणांत, गुळगुळीत सुरुवातीपासून निघूनही, मर्यादित काळात काही राशी अनंत होऊ शकतात का, हा जुना प्रश्न. थॉमस हौ आणि गुओ लुओ यांना २०१४ मध्ये भिंत असलेल्या नळकांड्यातल्या प्रवाहाच्या आकडेमोडीत तसे होताना दिसले. दिसणे म्हणजे सिद्धता नव्हे. जियाजिए चेन आणि हौ यांनी २०२२ पासून त्याची सिद्धता मांडली. स्वतःसारखाच लहान होत जाणारा प्रवाहाचा आकार त्यांनी संगणकाने काढला, प्रत्येक आकड्याची चूक काटेकोर मर्यादेत बांधली आणि त्या आकाराजवळचा प्रवाह त्याच्याकडेच ओढला जातो हे विश्लेषणाने दाखवले. श्यानता धरणाऱ्या नेव्हिए-स्टोक्स समीकरणांसाठी हाच प्रश्न अजून खुला आहे. २००० साली क्ले संस्थेने त्यावर दहा लाख डॉलरचे पारितोषिक लावले आहे. मला या शाखेचे भविष्य चेन आणि हौ यांच्या वाटेवर दिसते.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रातला अभियांत्रिकीचा विद्यार्थी एम-थ्रीमध्ये, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या विषयात, लाप्लास रूपांतरे सोडवतो, सूत्रांचा तक्ता पाठ करतो आणि परीक्षेनंतर तो विसरतो. त्याच्यासमोर येतात ती समीकरणे बहुधा नेमकी सुटणारीच असतात. लहान राशी वगळायची की नाही हा निर्णय त्याच्यावर कधी येतच नाही. पुढे नोकरीत तो तयार सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरतो, रंगीत चित्र मिळवतो, आणि ते चित्र चुकले असेल तर ते कळण्याची कसोटी त्याच्या हाती नसते. यात मुलांचा दोष नाही, अभ्यासक्रम आखणाऱ्यांचा आहे.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना एक मागणी आहे. एम-थ्रीतले निम्मे सराव-प्रश्न काढा आणि त्या जागी एक सत्रभर क्षोभ पद्धती शिकवा. मिल्टन व्हॅन डाइक यांचे १९६४ चे आणि बेंडर-ऑर्सझॅग यांचे १९७८ चे पुस्तक त्याला पुरेसे आहे. महागडी प्रयोगशाळा लागत नाही. परीक्षेत एकच प्रश्न सक्तीचा ठेवा: दिलेल्या समीकरणातले कोणते पद वगळाल, आणि ते वगळणे कुठे चुकेल?