इतिहाससंशोधनाची शाळा

इतिहास शिकवितां येतो, याबद्दल कोणी शंका घेत नाहीं. इतिहासाचें संशोधन शिकवितां येतें कीं काय, याविषयीं मात्र आमच्या विद्वानांत अजून दोन तट आहेत. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, संशोधक हा जन्मावाच लागतो. दफ्तरांतील धूळ, मोडी अक्षर आणि उपजत शंकेखोर वृत्ति एवढी सामग्री असली म्हणजे त्यास गुरूची गरज नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो कीं, ठराविक व्याख्यानें ऐकून ठराविक परीक्षा दिली म्हणजे कोणीहि पदवीधर संशोधनास पात्र होतो. विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ सालीं पीएच्. डी.च्या विद्यार्थ्यांस कोर्सवर्क सक्तीचें केलें, आणि २०२२ च्या नियमांनीं त्याचें प्रमाण निदान १२ श्रेयांक असें ठरविलें, तेव्हांपासून या दुसऱ्या पक्षाचें पारडें जड झालें आहे. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकत आहेत. ते कोठें चुकतात हें दाखविण्यासाठीं एका जुन्या पुस्तकापासून आरंभ करणें सोईचें होईल.

तें पुस्तक म्हणजे लांग्ल्वा आणि सेन्योबोस या दोघां फ्रेंच अध्यापकांनीं लिहिलेला, १८९८ सालीं प्रसिद्ध झालेला इतिहासाभ्यासाचा प्रवेशग्रंथ. पॅरिस येथें नवशिक्या विद्यार्थ्यांपुढें दिलेल्या व्याख्यानांतून तो तयार झाला. त्याची मांडणी अगदीं सरळ आहे. प्रथम साधनें कोठें सांपडतात व तीं वाचण्यास कोणतीं शास्त्रें लागतात, याचा विचार. नंतर सांपडलेल्या कागदाची बहिरंगपरीक्षा, म्हणजे तो अस्सल कीं बनावट, केव्हांचा, कोणाच्या हातचा. मग अंतरंगपरीक्षा, म्हणजे लिहिणारास काय म्हणावयाचें होतें, तें त्यास ठाऊक असणें शक्य होतें काय, आणि खोटें बोलण्यास त्यास कांहीं कारण होतें काय. आणि हें सर्व झाल्यावर शेवटीं इतिहासाची रचना. ही पायऱ्यांची उतरंड हाच या ग्रंथाचा खरा गुण. सिद्धांत सर्वांत शेवटीं येतो, आधीं कागद.

ग्रंथांत दोष नाहींत असें नाहीं. कागदास न्यायालयांतील साक्षीदाराप्रमाणें उलटतपासणीला उभें करतां करतां, त्या कागदामागें एक हाडामांसाचा मनुष्य होता याचा लेखकद्वयास पुष्कळदां विसर पडतो. लेखी साधनांपलीकडे त्यांची दृष्टि फारशी जात नाहीं, आणि रचनेसंबंधींचा भाग पहिल्या दोन भागांच्या मानानें फिका उतरला आहे. परंतु या ग्रंथाची गफलत पुस्तकांत नसून पुस्तकाच्या उपयोगांत आहे. नुसता तो वाचून कोणी संशोधक झाला नाहीं, होणारहि नाहीं. लांग्ल्वा हा स्वतः १८२१ सालीं स्थापन झालेल्या पॅरिसच्या लेखविद्यालयाचा, ‘एकोल दे शार्त’चा, विद्यार्थी. तेथें जुनीं अक्षरें व जुने लेख प्रत्यक्ष पुढें ठेवून शिकवीत. तें शिक्षण पदरीं असल्यामुळेंच त्याचे नियम त्याच्या हातांत जिवंत राहिले.

जर्मनींतहि हाच अनुभव आला. रांके यानें १८२४ सालच्या आपल्या पहिल्या ग्रंथास पुरवणी जोडून पूर्वींच्या नामांकित इतिहासकारांचें परीक्षण केलें. पण त्याचें खरें कार्य बर्लिन येथें निवडक विद्यार्थ्यांस घेऊन मध्ययुगीन साधनें वाचण्याच्या त्याच्या बैठकींत झालें. वाइट्झ, झीबेल, गीझेब्रेख्त हे पुढें नांवाजलेले इतिहासकार त्या बैठकींतून निघाले. अमेरिकेंत १८७६ सालीं निघालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानें तीच पद्धति उचलली. इंग्लंड मात्र मागें राहिलें; ऑक्सफर्डनें डॉक्टरेटची पदवी सुरू केली ती १९१७ सालीं. आणि आम्हीं कित्ता गिरविला तो इंग्लंडचा. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, केवळ परीक्षा घेणारी संस्था म्हणून जन्मास आलें. जन्मजात संवय सहजासहजीं सुटत नाहीं. शिकविण्यासाठीं म्हणून आलेली प्रत्येक नवी योजना आमच्याकडे अखेर एका प्रश्नपत्रिकेंत विसर्जन पावते, याचें बीज तेथें आहे.

येथें पहिला पक्ष राजवाड्यांचें नांव घेऊन पुढें येईल. वाईस सांपडलेल्या कागदांवरून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड राजवाड्यांनीं १८९८ सालीं, म्हणजे वरील फ्रेंच ग्रंथाच्याच सालीं, प्रसिद्ध केला, आणि अशा २२ खंडांचा डोंगर उभा केला. त्यांस कोणत्या विद्यापीठानें शिकविलें होतें? प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो अर्धाच आहे. राजवाड्यांच्या संग्रहापुढें मस्तक नम्र होतें. पण त्यांच्या प्रस्तावनांत अनुमान कागदाच्या पुढें धांवतें तेथें त्यांचा पदर ओढणारा बरोबरीचा मनुष्य हवा होता, असें त्यांच्या भक्तांसहि वाटल्यावांचून राहत नाहीं. १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, तेव्हां कागद सभेपुढें वाचावे आणि त्यांवर वाद व्हावा अशी सोय झाली. ती एका अर्थीं हीच बैठक होय. जदुनाथ सरकार हे मूळचे इंग्रजी वाङ्मयाचे एम्. ए.; फारसी साधनांपर्यंत ते स्वतःच्या कष्टानें पोंचले. पण सरदेसाई व सरकार यांच्यामध्यें कित्येक दशकें चाललेला पत्रव्यवहार पाहावा. पाठ, तिथि, स्थळें यांची जी तपासणी एकानें दुसऱ्याची केली, ती कोणत्या सेमिनारपेक्षां कमी होती? तात्पर्य, हे थोर पुरुष शिक्षणाशिवाय झाले नाहींत. विद्यापीठानें न दिलेलें शिक्षण त्यांनीं एकमेकांपासून मिळविलें.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. कोर्सवर्कच्या कल्पनेला आमचा विरोध नाहीं, उलट तिचें आम्हीं स्वागत केलें. पूर्वीं विद्यार्थी सर्वस्वीं मार्गदर्शकाच्या मर्जीवर असे. मार्गदर्शक जागरूक असला तर तरला, नसला तर बुडाला. नियमांनीं हें दैवाधीन शिक्षण थोडेंसें तरी नियमाधीन केलें. परंतु ते १२ श्रेयांक कशानें भरावयाचे, याचा तपशील बहुतांशीं विद्यापीठांवर सोंपविलेला आहे. आमच्या पाहण्यांत आलेले अभ्यासक्रम सर्व सामाजिक शास्त्रांस एकाच मापाचा अंगरखा शिवितात. गृहीतक कसें मांडावें, नमुना कसा निवडावा, प्रश्नावली कशी करावी! अठराव्या शतकांतील कुळकर्ण्यास प्रश्नावली कोण पाठविणार? संशोधननीतीचा पाठ असतो, व तो असावाच; पण छापील खंडांतून उतरलेला कागद मूळ दफ्तरांत पाहिल्याचें भासविणें ही इतिहासांतील नित्याची अनीति, ती त्या पाठांत क्वचितच येते.

एक लहानसा दाखला घेऊं. समजा, एका मोडी पत्रावर ‘सीत सबैन मया व अलफ’ असा सन आहे. हे अरबी संख्याशब्द. ६, ७०, १०० व १००० मिळून ११७६ होतात. विद्यार्थ्यानें हा हिजरी सन समजला तर पत्र १७६२-६३ सालीं जाऊन पडतें. वस्तुतः तो शुहूर सन असतो, आणि पत्र १७७५-७६ मधील ठरतें. आतां पत्रांत माधवराव पेशव्यांचें नांव आहे आणि दादासाहेबांशीं बिघाड झाल्याची बातमी आहे, असें धरा. दोन्ही वर्षें सारखींच जुळतात! १७६२ त राघोबादादा थोरल्या माधवरावांशीं लढले. १७७५ त सवाई माधवरावांच्या कारभाऱ्यांविरुद्ध त्यांनीं सुरतेस इंग्रजांशीं तह केला. म्हणजे मजकूरच चुकीला दुजोरा देतो, आणि पत्र एका पेशव्याच्या कारकीर्दींतून दुसऱ्याच्या कारकीर्दींत निमूटपणें जाऊन बसतें. शिवाय शुहूर वर्ष मृगापासून बदलतें व महिने मात्र चांद्र, त्यामुळें इसवी सन काढण्यास ५९९ मिळवावयाचे कीं ६००, हें महिना पाहिल्यावांचून ठरत नाहीं. शब्दाशब्दांत जागा न सोडणारी, इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद न पाळणारी लिपि आहे ती वेगळीच. हें सर्व फळ्यावर लिहून एका तासांत सांगतां येतें. अंगीं बाणण्यास मात्र शंभर कागद चुकावे लागतात, आणि चुकतांना शेजारीं कोणी बसलेला असावा लागतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. त्या १२ श्रेयांकांपैकीं निदान अर्धे विषयास लागणारी लिपि व भाषा यांस द्यावे. राहिलेल्यांत आठवड्यास एक बैठक असावी. तींत एकच कागद सर्वांनीं मिळून वाचावा, आणि पुढें प्रत्येकानें आपलें प्रकरण इतरांच्या टीकेपुढें ठेवावें. परीक्षा घ्यावयाची तर न पाहिलेला एक कागद हातीं देऊन घ्यावी: पाठ लिहा, तिथि ठरवा, लेखकाचा हेतु सांगा, आणि या कागदावरून काय सिद्ध होत नाहीं तेंहि लिहा. या शेवटच्या प्रश्नास आम्ही सर्वांत अधिक गुण देऊं.

शिकविणारे कोठून आणावे, हा आक्षेप खरा आहे, आणि तो आमच्यावरच उलटतो. प्रस्तुत लेखकानें मोडी शिकली ती स्वतःचा प्रबंध पुरा होऊन पदवी मिळाल्यानंतर. त्या प्रबंधांतील कांहीं विधानें आज पुन्हां लिहावयाचीं झालीं तर आमचा हात अडखळेल. विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनींहि त्याच बैठकींत शिकावयास बसावें, याहून निराळा उपाय आम्हांस दिसत नाहीं.

हा केवळ विद्वत्तेच्या शोभेचा प्रश्न असता तर इतकें लिहिण्याचें कारण नव्हतें. राजवाड्यांच्या काळीं कागद सरदारांच्या वाड्यांत, जोशी-कुळकर्ण्यांच्या माळ्यांवर होते. ते वाचण्याची विद्या बहुधा त्याच घरांत व त्याच ओळखींत फिरे. आज प्रबंधास बसणारी मुलगी ज्या घरांतून येते तेथें सातबाराच्या उताऱ्यापलीकडे जुना कागद नसतो. तिचे प्रश्नहि निराळे आहेत: बलुतेदारांस काय मिळे, वेठ कोणावर पडे, महजरावर कोणाच्या निशाण्या असत. सरदेसाईंनीं पेशवे दफ्तरांतून निवडून ४५ भाग छापले, ते मुख्यतः राजकारणाच्या दृष्टीनें. तिच्या प्रश्नांचीं उत्तरें बहुतेक अजून पुण्याच्या दफ्तरखान्यांतील हजारों न सोडलेल्या रुमालांत बांधलेलीं आहेत. ते रुमाल सोडण्याची विद्या विद्यापीठानें तिला दिली नाहीं, तर दुसऱ्यांनीं निवडलेल्या कागदांवर, दुसऱ्यांनीं विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें लिहिणें एवढेंच तिच्या वांट्यास येईल. पदवी तिलाहि मिळेल. तिच्या पूर्वजांचा इतिहास मात्र रुमालांतच राहील.