मुक्काम आणि मैफल : केंदुलीच्या मेळ्याच्या निमित्ताने लोकसंगीत-महोत्सवाची समीक्षा

लोकसंगीताच्या अभ्यासक्रमात ‘महोत्सव’ हा घटक अलीकडे आला आहे. त्यावर लिहिले जाते ते मात्र बहुधा मंचाविषयी असते. कोण गायले, कोणती वाद्ये होती, ध्वनियोजना कशी होती, श्रोत्यांचा प्रतिसाद कसा होता, अशी ती नोंद. ऐकणारा रात्री कुठे झोपला, कुणाच्या पंगतीला जेवला, गायक कुठे उतरले होते, हे प्रश्न पर्यटन-पुरवणीकडे ढकलले जातात. या टिपणात आपण महोत्सवाकडे नेमके त्याच बाजूने पाहणार आहोत. खेड्यातल्या लोकसंगीताच्या मेळ्यात मुक्काम ही सोय नसते, तो प्रयोगाचाच एक भाग असतो. मुक्कामाची रीत बदलली की गाण्यांची निवड बदलते, आणि काही गाणी गायलीच जात नाहीत. असे माझे प्रतिपादन आहे, आणि त्यासाठी उदाहरण बंगालचे घेतले आहे.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात अजय नदीच्या काठी केंदुली नावाचे गाव आहे. लोक त्याला जयदेव-केंदुली म्हणतात. ‘गीतगोविंद’कार जयदेव इथला, अशी बंगालची श्रद्धा; ओडिशातल्या प्राची नदीच्या खोऱ्यातही एक केंदुली आहे आणि तिथले लोकही तोच दावा करतात. तो वाद इथे सोडवायचे कारण नाही. गावात राधाविनोदाचे टेराकोटाच्या पट्टांनी मढवलेले सतराव्या शतकातले मंदिर आहे. पौष संक्रांतीला, म्हणजे आपल्या मकरसंक्रांतीच्या सुमाराला, लोक अजयच्या उथळ, वाळूने भरलेल्या पात्रात स्नानाला येतात आणि काही दिवस मेळा भरतो. एरवी हे लहानसे खेडे. मेळ्यात मात्र तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. बाउल, फकीर, वैष्णव कीर्तनकार, नुसते गाणे ऐकायला आलेले शेतकरी आणि कोलकात्याहून आलेले विद्यार्थी, सगळे एकाच वाळूवर उतरतात.

हे लोक राहतात आखड्यात. मराठी वाचकाने इथे जरा थांबावे. आपल्याकडे आखाडा म्हटले की लाल माती आणि जोर-बैठका आठवतात, नाहीतर कुंभातले साधूंचे आखाडे. बंगालीतला आखडा म्हणजे एखाद्या गुरूचा किंवा आश्रमाचा उतरण्याचा ठिकाणा. मेळ्यापुरता तो बांबू, ताडपत्री आणि कापडाचा असतो. खाली भाताचा पेंढा अंथरलेला, एका बाजूला चूल, तिच्यावर खिचडीची मोठी हंडी. जानेवारीत बीरभूमची रात्र चांगलीच गारठवणारी असते. माणसे घोंगडी-रजई गुंडाळून दाटीवाटीने बसतात, आणि ज्याला झोप येईल तो तिथेच आडवा होतो. गाणारा आणि ऐकणारा एकाच पेंढ्यावर असतात. त्यांच्यामध्ये मंचाची उंची नसते.

या मांडणीचा गाण्यावर काय परिणाम होतो, तो आता पाहू. बाउल गाणे वरवर सोपे वाटते. एकतारा, दोतारा, डुग्गी, काखेत धरून तार ताणत वाजवायचा खमक, पायात घुंगरू, आणि उंच उसळणारी चाल. शब्द मात्र आडवळणाचे असतात. नदी, घाट, पिंजरा, पक्षी, कुलूप अशा रोजच्या वस्तू देहतत्त्वासाठी वापरलेल्या असतात आणि साधनेच्या गोष्टी मुद्दाम झाकून सांगितलेल्या असतात. नाथपंथी पदांतली उलटबांसी किंवा एकनाथांच्या भारुडातला दुहेरी अर्थ ज्याला ठाऊक आहे, त्याला ही रीत परकी वाटू नये. असे गाणे ऐकून झाले की त्याचा अर्थ कुणीतरी विचारावा लागतो, आणि परंपरेत तो गाण्यातूनच विचारला जातो. एकाने तत्त्वाचा प्रश्न टाकणारे पद गायचे, दुसऱ्याने उत्तराचे पद काढायचे. बंगालीत याला पाल्ला गान म्हणतात. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ज्याने रात्रभर ऐकले आहेत, त्याला यातली गंमत लगेच कळेल : उत्तराच्या गाण्याची खरी किंमत त्याच्या आधीच्या गाण्यामुळे ठरते. हा खेळ चाळीस मिनिटांत उरकत नाही. प्रतिपक्ष समोर बसलेला असावा लागतो आणि दोघांनाही पहाटेपर्यंत कुठे जायचे नसावे लागते.

लालन फकीर (मृत्यू १८९०) यांच्या परंपरेतला साधुसंग पाहिला तर हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. साधुसंग अष्टप्रहर चालतो. संध्याकाळी अधिवासाने सुरुवात होते आणि दैन्याची गाणी म्हटली जातात. त्यांत शिष्य आपली असहायता गुरूपुढे मांडतो. पहाटे गोष्ठाची गाणी येतात, बाळकृष्णाला गाई घेऊन रानात पाठवण्याची. सकाळी बाल्यसेवा, म्हणजे न्याहारी. पुढे पूर्णसेवा, म्हणजे सर्वांनी एकत्र बसून केलेले जेवण. गाणे, जेवण आणि झोप यांचे वेळापत्रक एकच आहे. गोष्ठाचे पद संध्याकाळी सात वाजता सभागृहात म्हटले तर सूर बरोबर लागतील, शब्दही बरोबर असतील; पण रात्रभर जागलेल्या माणसाला पहाटेच्या पदाने जे होते ते तिथे होणार नाही. आपल्या काकडआरतीचेही असेच असते.

अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीत आणि कलासंगीत या वेगळ्या कोटी मानून एकीचे निकष दुसरीला लावू नयेत असा आग्रह धरला. महोत्सवाचे परीक्षण लिहिताना आपण नेमके तेच करतो. गळा कसा आहे, तान कशी आहे, ‘सादरीकरण’ किती रंगले, हे कलासंगीताचे प्रश्न. बाउलाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. पुष्कळ पदांना कर्ता असतो आणि शेवटी त्याची भणिता, म्हणजे ‘तुका म्हणे’सारखी नाममुद्रा असते. त्यामुळे अनामिक, सामूहिक लोकगीत ही व्याख्याही इथे पुरती बसत नाही. पत्रिकेवर ‘लोकसंगीत’ असे छापले की काम भागते, अभ्यास मात्र तिथे सुरूही झालेला नसतो.

आता छावणीकडे वळू. गेल्या वीसेक वर्षांत भारतात गावाजवळ तंबू ठोकून भरवलेले महोत्सव वाढले आहेत. त्यांत सर्वांत ठळक नमुना कच्छमधला रणोत्सव. धोरडो या बन्नी भागातल्या गावाजवळ दर हिवाळ्यात तंबूंचे शहर उभे राहते. काही दिवसांचा मूळ उत्सव आता काही महिने चालतो. तंबूत पलंग, गरम पाणी, ठरलेल्या वेळी जेवण, आणि संध्याकाळी मंचावर लोकनृत्य व लोकगीते. व्यवस्था उत्तम असते, त्यात उणे काढायचे नाही. पण गाणे या व्यवस्थेत कुठे बसते ते पाहावे : दिवसाची सहल आणि रात्रीचे जेवण यांच्या आसपास. पाहुणा रोज नवा, भाषा न कळणारा, आणि उद्या सकाळी निघणारा. अशा श्रोत्यासमोर कोणताही शहाणा गायक ओळखीची, उडती, टाळ्यांची गाणी निवडील. त्याच कच्छमध्ये शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्याची वाई गायली जाते. ती संथ आहे, शब्दांवर रेंगाळणारी आहे, आणि तिला रात्र लागते. संध्याकाळच्या पंचेचाळीस मिनिटांत ती बसवायची म्हटली तर कापावी लागेल, आणि कापली की ती वाई राहत नाही.

हा दोष तंबूचा नाही, हे लगेच सांगायला हवे. वारीतले पाल आणि राहुट्या तंबूच आहेत, आणि दिंडीचे भजन त्यांच्यात बिघडत नाही. फरक यजमान कोण, यात आहे. आखड्यात यजमान गुरू असतो. गायक आणि श्रोता दोघेही त्याचे पाहुणे. पर्यटनाच्या छावणीत यजमान व्यवस्थापक, पाहुणा श्रोता, आणि गायक कामाला आलेला. गायकांची उतरण्याची जागा बहुधा वेगळी आणि लांब असते. जेवणही वेगळे. कार्यक्रम संपला की तो श्रोत्याला भेटत नाही, आणि गाण्याचा अर्थ विचारण्याची जी वेळ असते ती निघून जाते.

इंग्लंडमधल्या लोकसंगीत-महोत्सवांचा अनुभव इथे उपयोगी पडतो, कारण तंबू घेऊन शेतात राहण्याची रीत तिथे जुनी आहे. ऑक्सफर्डशायरमधल्या टाउझी या खेड्यात १९६५ मध्ये गावच्या सभागृहासाठी निधी उभारायला सुरू झालेला मेळावा पुढे मोठा महोत्सव झाला. अशा ठिकाणी तिकीट मंचाचे असते, पण जाणकार माणूस आपले कॉन्सर्टिना किंवा फिडल सोबत घेऊन येतो. मंच बंद झाल्यावर पबच्या कोपऱ्यात नाहीतर तंबूंच्या मधल्या मोकळ्या जागेत वर्तुळ करून एकेकाने गायचे, बाकीच्यांनी ध्रुवपद उचलायचे, हा कार्यक्रम कुठल्याच पत्रिकेत छापलेला नसतो आणि लोक त्याच्यासाठीच येतात. तिथे छावणीने गाणे मारले नाही. मंचाने जे काढून घेतले त्यातले थोडे परत दिले. कारण साधे आहे. छावणीत राहणाऱ्यांना ती गाणी येत होती.

तेव्हा आखडा चांगला आणि महोत्सव वाईट, असा निकाल देऊन मोकळे होता येत नाही. शहरी समीक्षकाला पेंढ्यावरच्या रात्रीचे फार अप्रूप असते. दोन रात्रींनंतर तो घरी जातो. बाउल-फकिरांचे तसे नाही. नदिया आणि मुर्शिदाबाद भागातल्या फकिरांवर शास्त्रबाह्य ठरवून बहिष्कार घातल्याचा, एकतारे मोडल्याचा, केस कापल्याचा इतिहास आहे. १९२० च्या दशकात बाउलांच्या विरुद्ध फतवा निघाला होता आणि १९८० च्या दशकात स्वसंरक्षणासाठी त्यांना संघ स्थापन करावा लागला. नदियातल्या गोरभांगा या सीमेजवळच्या खेड्यात फकिरांचा छोटा वार्षिक उत्सव भरू लागला, बाहेरून लोक येऊन राहू लागले, तेव्हा गाण्याला पैसा मिळालाच, शिवाय गावात मानही मिळाला. ज्याच्या दारात परगावचे पाहुणे गाणे ऐकायला येतात, त्याचे वाद्य मोडायला कुणी सहज धजत नाही. ही मिळकत पाल्ला गानाच्या तासांत मोजता येणार नाही.

बायकांचाही प्रश्न आहे. बाउल साधना जोडीने करायची; स्त्रीशिवाय ती पुरी होत नाही असे परंपरा सांगते. पण तीच स्त्री आखड्यात बहुधा चुलीपाशी दिसते, गायला बसलेल्यांत कमी. आणि ऐकायला एकट्या आलेल्या मुलीने गर्दीच्या मंडपात, शौचालयाची धड सोय नसताना, रात्र काढावी असे म्हणणे सोपे आहे. आतून बंद करता येणारा तंबू आणि उजेडातले स्वच्छतागृह यांमुळे एक नवा श्रोता आला, आणि त्यातली एखादी उद्या अभ्यासक होईल. समूहाच्या जुन्या ऊबेविषयी गहिवरून लिहिताना हे गाळले जाते.

केंदुलीत आज खरी अडचण तंबूंपेक्षा भोंग्यांची आहे. शेजारशेजारच्या आखड्यांतून ध्वनिवर्धक लागतात, कीर्तनाचा आवाज बाउलावर आणि एका बाउलाचा दुसऱ्यावर चढतो. प्रश्न-उत्तराच्या गाण्याला समोरच्याचे शब्द ऐकू यावे लागतात. ध्वनिवर्धकासमोर बसलेला गायक प्रतिपक्षासाठी न गाता रस्त्यावरून जाणाऱ्या गर्दीसाठी गाऊ लागतो, आणि मग आखडाही लहानसा मंच होतो, फक्त पेंढा अंथरलेला. जुन्या रचनेचे सगळे सामान जागच्या जागी असूनही तिचे काम थांबू शकते, हे छावणीवर टीका करणाऱ्यांनी ध्यानात घेतलेले दिसत नाही.

एक जुने उदाहरण इथे आठवते. १९६७ मध्ये पूर्णदास बाउल आणि लक्ष्मणदास बाउल अमेरिकेत वुडस्टॉक परिसरात राहायला गेले होते. बॉब डिलनच्या ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ या तबकडीच्या वेष्टनावर ते दोघे दिसतात. त्या मुक्कामात शेजारच्या वादकमित्रांच्या घराच्या तळघरात त्यांच्या मंडळींचे ध्वनिमुद्रण झाले, आणि ते पुढे प्रसिद्धही झाले. परक्या देशात, भाषा न समजणाऱ्यांच्या घरात झालेले मुद्रण ते. तरी सभागृहापेक्षा बैठकीशी त्याचे नाते जवळचे. मुक्कामाला गावच लागते असेही नाही, एवढे यावरून म्हणता येईल.

क्षेत्रकार्याला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी यातून काही कामे निघतात. मंचासमोरची जागा सोडून एक रात्र तरी गायक उतरले आहेत तिथे काढावी, अर्थात त्यांची परवानगी घेऊन. साधनेची काही पदे बाहेरच्यांसमोर गायची नसतात आणि ‘मुद्रण बंद करा’ असे कुणी म्हटले तर ते बंदच करावे. जेवण कुणी रांधले आणि खर्च कुणी केला, हे लिहून ठेवावे. मध्यरात्रीनंतर कोणती गाणी आली ती वेगळी नोंदवावीत. आजच्या बहुतेक ध्वनिसंग्रहांत चिठ्ठीवर गाण्याची पहिली ओळ, गायकाचे नाव, गाव आणि तारीख असते. प्रहर नसतो, आणि आधीचे पद कोणते व ते कुणी गायले हेही नसते. त्यामुळे प्रश्नाला दिलेले उत्तर संग्रहात सुटे गाणे म्हणून पडून राहते, आणि दहा वर्षांनी ते ऐकणाऱ्याला हा माणूस मध्येच कुणावर एवढा चिडला आहे याचा पत्ता लागत नाही.